सात नंबरची मागणी

अक्षरं मी पत्रकांवर शिकले. राजापेठेतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत कायम कुठल्या ना कुठल्या पत्रकाचा गठ्ठा असायचा. बाबा नोकरीवरून आले की चहा घेऊन तिथंच बसायचे आणि आम्हा बहिणींना घड्या घालायला बसवायचे. वसतिगृहातल्या जेवणाचं पत्रक, बंद पडलेल्या वाचनालयाचं पत्रक, जयंतीच्या वर्गणीतून डीजे नको, पुस्तकं आणा असं सांगणारं पत्रक. प्रत्येकाच्या शेवटी आकडे घालून मागण्या.

मागणी कशी लिहायची याबद्दल बाबा फार कडक होते. ती पूर्ण झाली की नाही हे रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. 'वसतिगृहाची स्थिती सुधारावी' ही त्यांच्या लेखी मागणीच नव्हती. 'दुसऱ्या मजल्यावरच्या नळाला पाणी यावं' ही मागणी. आणि मजकुरात 'लवकरच' दिसलं की ते पेनाचं टोपण काढायचे. "हा साहेबाचा शब्द हाय," म्हणायचे. "आपण काहून वापरायचा?"

पुढे मीही पत्रकं लिहिली. आता अमरावतीतल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिक्षणशास्त्र शिकवते, पण लिहायला बसले की हात अजून पत्रकाकडेच वळतो. मागच्या वर्षी एका साप्ताहिकात मी लिहिलं की, शाळा शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावासाठी मुलांचे खेळाचे, चित्रकलेचे, परिसराचे तास खातात आणि वर त्याला गुणवत्ता म्हणतात. लेख आल्यावर अकोल्याहून फोन आला. आमच्या भागात काही शाळा चालवणाऱ्या एका संस्थेचे सचिव बोलत होते. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"मॅडम, लिहिता तर जबर तिखट," ते म्हणाले. "आता येऊन तपासून द्या. बाहेर उभं राहून कोणीही बोलते."

काम असं होतं. संस्थेनं पाचवीसाठी परिसर विषयाचा स्वतःचा एक छोटा अभ्यासक्रम केला होता. दर गुरुवारी शेवटचे दोन तास त्याचे. त्याच्या बारा अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे हे सांगणारी बारा वाक्यं, ठरवल्या होत्या. आता संस्थेतल्या काही जणांना ते दोन तास शिष्यवृत्तीच्या सरावाला हवे होते. म्हणून तपासणी. निम्म्याहून जास्त निष्पत्ती साध्य झालेल्या दिसल्या तर त्या शाळेतले तास राहणार, नाहीतर जाणार. शाळा दोन, एक अकोल्यातली आणि एक तिवस्याची. अभ्यासक्रमाचे बहुतेक पाठ तिवस्याच्या वर्गशिक्षिकेनं लिहिले होते. म्हणजे तिच्या वर्गातले तास गेले, तर तिची काही वर्षांची मेहनत तिच्या डोळ्यांदेखत सराव प्रश्नपत्रिकांखाली जाणार होती.

माझ्याबरोबर तपासणीला एक निवृत्त विस्तार अधिकारी होते. राहणार अकोल्याचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात टोक केलेली पेन्सिल. अशा माणसांशी भांडायची मला सवय होती. संस्थेच्या अकोल्याच्या कार्यालयात पहिल्याच भेटीत मी सांगून टाकलं, "सर, मूल असं रकान्यात मोजता येत नाही."

"बरोबर हाय, बेटा," ते म्हणाले. "पण डॉक्टरनं थर्मामीटर लावला तर तू त्याच्याशी भांडतं का?"

मग त्यांनी यादी पुढे ओढली आणि पेन्सिलीनं एकेक वाक्य टोचत गेले. "'पर्यावरणाचे महत्त्व समजतो.' हे कुठून दिसते? कपाळावर उमटते का? 'पाण्याविषयी आस्था बाळगतो.' कुठं बाळगतो, दप्तरात?" तिसऱ्या वाक्याशी ते थांबले. 'शाळेपासून घरापर्यंतचा नकाशा काढून दुसऱ्याला रस्ता सांगतो.' "हे पाय. हे करून दाखवता येते. पोरगं नकाशा काढते, आपण त्याच्यावरून चालून पायतो. पोचलो तर झालं."

मला हसू आलं. पांढऱ्या शर्टातून बाबाच बोलत होते.

अकोल्याची शाळा जवळच होती, म्हणून आधी तिथं गेलो. स्वच्छ वर्ग, भिंतींवर रंगीत तक्ते, मुलांनी उभं राहून स्वागतगीत म्हटलं. शिक्षक तरुण आणि मनापासून काम करणारे होते. त्यांच्या नोंदवहीत बाराही निष्पत्तींपुढे प्रत्येक मुलाच्या नावावर बरोबरची खूण होती. तपासणीची पद्धत अशीच असते, वही पाहायची आणि रकाने भरायचे. आम्ही भरले. बाराच्या बारा.

तिवस्याला गेलो त्या दिवशी सर सकाळच्या गाडीनं अमरावतीला उतरले. मी त्यांना स्कूटीवर घेऊन एसटी स्टँडवर आले. तेवढ्या रस्त्यात त्यांनी मला ब्रेक कुठं असतो हे दोनदा विचारलं. तिथून नागपूर रस्त्याची एसटी. थंडीचे दिवस होते, खिडकीतून ऊन आत येत होतं आणि सर डब्यातल्या पोळीवर लोणचं लावून अर्धी मला देत होते.

पाचवीच्या वर्गात गेलो तर शिक्षिका दारातच उभी. तिशीची असेल. चेहरा उतरलेला. मागच्या भिंतीवर तोच बारा निष्पत्तींचा तक्ता लावला होता आणि त्यावर मधे मधे गेरूनं लाल खुणा केलेल्या. मी मोजल्या नाहीत, पण निम्म्याहून कमी आहेत हे दारातूनच कळत होतं. एक खूण तर पुसलेली होती.

"हे कोणं केलं?" सरांनी वर्गाला विचारलं.

पहिल्या बाकावरची, दोन वेण्या घट्ट बांधलेली एक मुलगी उठली. "आमी केलं, सर."

"काहून?"

"ज्या मागण्या पूर्ण झाल्या त्याईवर खूण हाय."

"मागण्या?"

"हो. बारा मागण्या हायेत ना." तिनं तक्त्याकडे बोट दाखवलं, सरांना दिसत नसेल म्हणून. "पहिल्या पाच झाल्या, पण चार नंबरची परत उघडी केली. सहा झाली. सात पेंडिंग हाय."

शिक्षिकेनं घाईनं खुलासा केला. जूनमध्ये तिनं तक्ता लावला आणि मुलांना सांगितलं की वर्षभरात हे सगळं व्हायला हवं. मुलांनी ते आपल्या पद्धतीनं घेतलं. तिवसा तालुक्याचं गाव. शाळेवरून तहसीलवर मोर्चे जातात, आकडे घातलेल्या मागण्या भोंग्यावरून वाचल्या जातात, मग चार माणसं निवेदन घेऊन आत जातात. मुलांनी आकडे घातलेली यादी पाहिली आणि ती मागण्यांची आहे असं समजून चालले. दिवाळीनंतर वर्गानं तिलाच निवेदन दिलं. सात नंबरची मागणी पूर्ण न झाल्यास खिचडीवर बहिष्कार.

"मी रागावले, सर," ती म्हणाली. "तर म्हणाले, मॅडम, रागवा, पण पोच द्या."

"मग?"

"दिली."

मी इतकी खूश झाले की उभ्या उभ्या त्या मुलांना मिठी मारावीशी वाटली. आयुष्यभर मी ज्याला शिक्षणशास्त्राची कारकुनी म्हणत आले, त्या यादीतून या मुलांनी आपला हक्क काढला होता. सर मात्र पुसलेल्या खुणेकडे पाहत होते.

"ही काहून पुसली?"

वेण्यावाली म्हणाली, "सगळ्याईची झाली तरच खूण. हिची राहिली होती." मागच्या बाकावरची एक बारीकशी मुलगी उभी राहिली. ती तापानं बरेच दिवस घरी होती. परत आली तेव्हा चार नंबरपुढे, म्हणजे 'विहिरीच्या पाण्याची पातळी मोजून नोंदवतो' यापुढे, खूण झालेली होती. ती म्हणाली, "माझी तर नाई झाली." वर्गात भांडण झालं. मग खूण पुसली आणि आता मुलंच तिला दोरी आणि दगड घेऊन शाळेच्या विहिरीवर मोजणं शिकवत होती. कठड्याजवळ मॅडम उभ्या असल्या तरच, हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

सरांनी खिशातून कोरा कागद काढून वेण्यावालीच्या हातात दिला. "मले तिच्या घरी जायचं हाय," ते मागच्या बाकावरच्या मुलीकडे बोट करून म्हणाले. "रस्ता काढून दे."

मुलीनं पाच मिनिटांत नकाशा काढला. सर मधल्या सुट्टीत तो घेऊन एकटे बाहेर पडले. शिक्षिकेचा जीव टांगणीला. सुट्टी संपली, तास सुरू झाला, तरी सर नाहीत. शेवटी आले ते दोन्ही खिसे संत्र्यांनी फुगलेले.

"पोचलो," ते म्हणाले. "हिच्या मायनं चहा पाजला. नकाशात लिहून होतं, इथं कुत्रं हाय, डावीकडून जा. कुत्रं होतं."

वर्गात असा गलका झाला की शेजारच्या वर्गातले शिक्षक पाहायला आले.

निघताना वर्गानं आम्हालाही निवेदन दिलं. सात नंबर असा होता: 'परिसरातील एका कामाच्या ठिकाणी जाऊन तिथले काम पाहतो व सांगतो.' हायवेच्या पलीकडे संत्र्यांची प्रतवारी आणि पेट्या भरण्याची शेड आहे. मुलांना ती पाहायची होती. पण हायवे ओलांडायचा तर संस्थेची लेखी परवानगी लागते आणि ती मागच्या वर्षीपासून आली नव्हती. मी पोच लिहून दिली आणि खाली सही केली. सही करताना हात जरा थांबला, कारण आजवर मी कायम टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले होते.

फाटकापर्यंत शिक्षिका सोबत आली. तिथं तिनं हळूच विचारलं, "खुणा कमी दिसतात ना, सर? मी म्हटलं होतं त्याईले, तपासणी होईपर्यंत तरी करून टाका. ऐकलं नाई." आणि मग माझ्याकडे पाहून, "माझे तास जातील का, ताई?"

मी मुलांचं निवेदन घडी घालून पिशवीत ठेवलं.

परतीच्या एसटीत सरांनी तपासणीचा कागद मांडीवर घेतला. शिक्षिकेच्या वहीतही तक्त्यावरच्याच खुणा होत्या, आणि त्या मोजल्या तर तास जाणार हे उघड होतं. ते बराच वेळ पेन्सिल फिरवत बसले. मग म्हणाले, "चार नंबरले हो लिहून टाकू. एक पोरगी सोडली तर झालीच हाय. आठ, नऊ पण अर्ध्यावर आल्या. कोणाचं नुकसान होते?"

"नको," मी म्हणाले.

"बेटा, तिचे तास वाचतात."

"मुलांनी पुसलेली खूण आपण करायची? त्यांनी एका मुलीसाठी पुसली, सर."

"मग तिचे तास जातील. तत्त्व तुयं, नुकसान तिचं." सर पहिल्यांदाच चिडले. मोझरी मागे गेली. ते म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं आणि तेच मला टोचत होतं. बाहेर तुरीची शेतं मागे जात होती. नांदगाव पेठ आलं तेव्हा मला सुचलं ते मी बोलून टाकलं, "अकोल्याच्या वर्गाला आपण नकाशा काढायला लावलाच नाही."

सरांनी पेन्सिल खिशात ठेवली. "नाई लावला," ते म्हणाले. मग एक संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

घरी जेवताना सगळं सांगितलं. बाबांनी मधेच थांबवून विचारलं, "पोच दिली ना?"

"दिली."

"मग उत्तर पण देजो. पोच घेऊन मी लय घरी आलो हाय." आई म्हणाली, "आता तूच साहेब झाली म्हणायची." बाबांना याचं फार हसू आलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही न कळवता अकोल्याच्या शाळेत गेलो. सरांनी तिथल्या एका मुलाला तेच काम दिलं, दुसऱ्याच्या घरचा रस्ता काढ. नकाशा सुंदर निघाला. रंगीत पेन्सिली, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, नदीला निळा रंग. सर तो घेऊन गेले. अर्ध्या तासानं मला त्यांचा फोन आला.

"बेटा, मी कुठं हाय ते माहीत नाई. समोर फर्निचरचं दुकान हाय. नकाशात नदी दाखवते."

नकाशा अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतला नमुना होता. मुलानं तो पाठ करून जसाच्या तसा काढला होता, नदीसकट. त्याच्या मित्राच्या घराकडे जाताना नदी लागतच नाही. मी फोन ठेवला तेव्हा शिक्षक लाल झाले होते. पण माणूस प्रामाणिक निघाला. त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "प्रत्येकाला करून दाखवायला लावलं तर किती उरतील, चला पाहू." दुपारभर आम्ही तिघं तेच करत बसलो. उरल्या त्या तिवस्यापेक्षा काही जास्त नव्हत्या. मुलं मात्र अशी रंगली की सुट्टीची घंटा झाली तरी दोघं जण सरांसाठी काढलेला नवीन नकाशा दुरुस्त करत होते.

अहवाल मी लिहिला. पहिला खर्डा वाचून सर म्हणाले, "हे पत्रक झालं. पत्रक आपल्या माणसाले पटते. हे न पटणारा माणूस वाचणार हाय." त्यांनी सगळी विशेषणं काढली. मी भांडून एक वाक्य ठेवून घेतलं: दोन्ही शाळांत निम्म्याहून कमी निष्पत्ती साध्य झाल्या आहेत, आणि हे एका शाळेत मुलांना आधीपासून माहीत होतं.

संस्थेच्या बैठकीत मी बरंच बोलायचं ठरवलं होतं. घरून पाठ करून आले होते. पण सरांनी माझ्याआधी तोंड उघडलं आणि कुत्र्याची गोष्ट सांगितली. मग फर्निचरच्या दुकानाची. सचिव इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "म्हणजे सर, तुमी तुमच्याच गावात हरवले?"

"तुमच्या निष्पत्तीनं हरवलं," सर म्हणाले. "कागदावर शंभर टक्के होती ती."

हसणं ओसरल्यावर सचिवांनी निवेदनाचा मुद्दा काढला. "पण पोरांनी मास्तरले निवेदन द्यायचं? उद्या मले देतील."

"दिलंच आहे," मी म्हणाले आणि तिवस्याचं निवेदन त्यांच्यापुढे ठेवलं. "तुमच्या परवानगीसाठी आहे. आम्ही फक्त पोच दिली."

त्यांनी ते दोनदा वाचलं. बहिष्काराच्या ओळीशी भुवया वर गेल्या. "खिचडीवर? अन् मग खाणार काय?"

"ते त्यांनी लिहिलेलं नाही."

वाद बराच झाला. एक सदस्य शेवटपर्यंत शिष्यवृत्तीच्या बाजूनं राहिले, आणि त्यांचंही म्हणणं अगदी टाकाऊ नव्हतं. त्यांच्या ओळखीतली मुलं त्या परीक्षेमुळं पुढे गेली होती. पण वहीतल्या खोट्या बारा खुणांपेक्षा करून दाखवलेल्या थोड्या बऱ्या, हे बाकीच्यांना पटलं आणि शेवटी ठरलं ते असं: गुरुवारचे दोन तास दोन्ही शाळांत पुढच्या वर्षीही राहतील. 'समजतो' आणि 'आस्था बाळगतो' ही वाक्यं बदलून करून दाखवता येतील अशी लिहायची. आणि खूण करताना वर्गाला विचारायचं. वाक्यं बदलण्याचं काम तिवस्याच्या शिक्षिकेकडे. सचिवांनी परवानगीच्या कागदावर त्याच बैठकीत सही केली. पोलीस पाटलाला सांगून ठेवा आणि पालक सोबत घ्या, एवढं वर लिहिलं.

पुढच्या गुरुवारी मी एकटीच तिवस्याला गेले. शिक्षिकेला आधीच फोन केला होता, तरी तिनं कागद हातात घेऊन वाचला, मग पुन्हा वाचला आणि वर्गाच्या खिडक्या एकेक करून उघडत सुटली.

मी मुलांसाठी लेखी उत्तर लिहून नेलं होतं. निवेदनाला उत्तर लिहायची ही माझी पहिलीच वेळ, त्यामुळं आदल्या दिवशी बराच वेळ घालवून नीट लिहिलं होतं. वेण्यावालीनं ते वर्गापुढे मोठ्यानं वाचलं. आपले तास सुरू राहतील, इथं टाळ्या. सात नंबरच्या मागणीस परवानगी मिळाली आहे, इथं बाकं वाजली. मग ती अडली.

"ताई, इथं लिहून हाय, भेट लवकरच आयोजित करण्यात येईल."

"हो."

"लवकरच म्हणजे कधी?"

मी शिक्षिकेकडे पाहिलं. ती हसू दाबत खिडकीतून बाहेर पाहत होती. राजापेठेतल्या पुढच्या खोलीत बसलेला माणूस हे ऐकायला हवा होता. मी कागद परत घेतला, तो शब्द खोडला आणि शिक्षिकेला विचारून वर लिहिलं: 'येत्या गुरुवारी, मधल्या सुट्टीनंतर.' मुलीनं वाचून पाहिलं, मान हलवली आणि माझ्याजवळच्या प्रतीवर तिनं 'मिळाले' असं लिहून सही केली.

गेरूचा खडा खिडकीत पडला होता. मी तो उचलून तिच्यापुढे धरला. "कर आता सातवर खूण."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी काही समजतच नाही.

"आत्ता कशी, ताई? पाहून आल्यावर. अन् सगळे आले तर."